डोळे मिटले म्हणजे झोपलाय असं नाही: पाळीव शॅमेलिऑनचं आजारपण कसं ओळखायचं?

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना अडखळलेली आणि परत परत आलेली वाक्यं काढली आहेत, बाकी जसं रेकॉर्ड झालं तसंच आहे. ज्यांना ऐकायचंय त्यांनी वरचं प्ले बटण दाबा, ज्यांना बसमध्ये इअरफोन सापडत नाहीयेत त्यांनी वाचा.)

आजचा विषय जरा वेगळा आहे. गेल्या काही भागांत मी मध्येच कधीतरी 'आमचा बंड्या' असं म्हणून जातो आणि मग मेसेज येतात, "बंड्या कोण? रूममेट आहे का?" नाही हो, रूममेट नाही. म्हणजे आहे तसा, पण भाडं देत नाही. बंड्या हा माझ्याकडचा शॅमेलिऑन आहे. आपल्याकडे ज्याला सरडगुहिरा म्हणतात, काही भागांत घोयरा म्हणतात, त्याचा येमेनमधला नातेवाईक. व्हेल्ड शॅमेलिऑन. मूळ येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागातला. डोक्यावर उंच मुकुटासारखा तुरा असतो. मी अमेरिकेत ओहायोमध्ये राहतो, तिथे हा प्राणी पाळणं कायदेशीर आहे. भारतात काय परिस्थिती आहे ते शेवटी सांगतोच, कारण ते फार महत्त्वाचं आहे.

तर, दोन-अडीच वर्षांपूर्वी बंड्या माझ्या हातून जवळजवळ गेला होता. आणि त्यात दोष माझा होता. आज ते सगळं सांगणार आहे, कारण ज्या चुका मी केल्या त्या नवीन लोक अगदी अशाच क्रमाने करतात.

सुरुवात कुठे चुकली

दुकानातून आणला तेव्हा बंड्या तीन महिन्यांचा होता. दुकानदार म्हणाला, "नर आहे, रंग छान येतील." मी नाव ठेवलं बंड्या. सोबत एक 'स्टार्टर किट' मिळालं. त्यात पिंजरा, एक गरम दिवा, एक गुंडाळीसारखा छोटा यूव्हीबी बल्ब आणि कॅल्शियम पावडरची डबी. मी घरी येऊन सगळं जोडलं, फोटो काढले, आईला व्हिडिओ कॉल केला. आई म्हणाली, "अरे, सरडा आणलास? मांजर तरी आणायचंस." आणि मग आठ महिने मी त्या सेटअपला हात लावला नाही. चालतंय ना? मग चालू दे. ऑफिसमध्ये आपण जे करतो तेच.

आता पहिली गोष्ट. बंड्या नर नव्हता. मादी होती. व्हेल्ड शॅमेलिऑनमध्ये हे ओळखणं इतकं सोपं आहे की मला आजही लाज वाटते. नराच्या मागच्या पायाला, टाचेच्या जागी, एक छोटासा मांसल काटा असतो. अंड्यातून बाहेर पडल्यापासून असतो. मादीला तो नसतो. बस्स. मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून बघितलं असतं तरी कळलं असतं. मी बघितलं नाही. म्हणून आता इथून पुढे मी 'ती' म्हणणार आहे. नाव मात्र बंड्याच राहिलं.

हे मी आधी सांगतोय कारण नर की मादी यावर पुढचं बरंच काही अवलंबून आहे. थोडं थांबा, येतो तिथे.

आजार लपवणारा प्राणी

कुत्रा आजारी पडला की कुत्रा सांगतो. कण्हतो, तुमच्या पायाशी येऊन बसतो. शॅमेलिऑन असं काही करत नाही. जंगलात पक्षी आणि साप त्याला खायला टपलेले असतात. जो अशक्त दिसतो तो आधी उचलला जातो. त्यामुळे जमेल तितके दिवस तो नॉर्मल असल्यासारखा दिसतो. जेव्हा तो तुम्हाला आजारी 'दिसतो', तेव्हा आजार बरेच आठवडे जुना असतो.

म्हणून दिसण्यावर जायचं नाही, रोज काही ठरावीक गोष्टी तपासायच्या आणि लिहून ठेवायच्या. मी आता एका साध्या शीटमध्ये लिहितो. सकाळी चहा होईपर्यंत दोन मिनिटं लागतात. काय बघतो ते सांगतो.

एक, डोळे. ही सगळ्यात मोठी खूण. शॅमेलिऑनचे डोळे बाहेर आलेल्या छोट्या शंकूसारखे असतात आणि दोन्ही वेगवेगळ्या दिशांना फिरतात. दिवसा, दिवे चालू असताना, डोळे सतत फिरत असायला हवेत. शॅमेलिऑन दिवसा डुलक्या काढत नाही. दिवसा डोळे मिटून बसलाय म्हणजे काहीतरी बिघडलंय. हे वाक्य लक्षात ठेवा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

दोन, पकड. त्याच्या पायाची बोटं दोन गटांत जोडलेली असतात, चिमट्यासारखी. निरोगी शॅमेलिऑन फांदी घट्ट धरतो, शरीर फांदीपासून उचलून चालतो. पोट फांदीवर घासत चालतोय, पाय थरथरतायत, फांदी चुकतेय, पिंजऱ्याच्या तळाशी बसून राहतोय, तर गडबड आहे.

तीन, जीभ. शरीराच्या लांबीपेक्षाही लांब जाते आणि किडा चिकटवून परत आणते. नेम चुकायला लागला, जीभ अर्धीच बाहेर येतेय, किंवा तोंड जवळ नेऊन किडा चावून उचलतोय, तर लिहून ठेवा.

चार, शी. हो, शी. त्यात एक तपकिरी भाग असतो आणि एक पांढरा. पांढरा भाग म्हणजे युरेट, त्याची लघवी समजा. तो पांढरा असेल तर पाणी पुरतंय. थोडा पिवळा चालतो. नारिंगी दिसला तर शरीरात पाणी कमी आहे.

पाच, वजन. स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये मोजणारा डिजिटल काटा. त्यावर एक छोटी काठी आडवी ठेवायची, तिला त्यावर चढवायचं, काठीचं वजन वजा करायचं. आठवड्यातून एकदा. मी माझ्यासाठी नियम केलाय की वजन दहा टक्क्यांनी घटलं तर वाट बघायची नाही, डॉक्टरांना फोन.

आणि रंग? सगळे आधी रंगाबद्दल विचारतात. रंग बघायचा, पण रंगावरून घाईने निष्कर्ष काढायचा नाही. एक तर तो पार्श्वभूमीशी जुळवण्यासाठी रंग बदलतो हा समज बराचसा चुकीचा आहे. २०१५ मध्ये जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी पँथर शॅमेलिऑनवर दाखवलं की त्वचेतल्या काही पेशींमध्ये ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात, आणि त्यांच्यातलं अंतर कमी-जास्त केलं की परावर्तित होणारा प्रकाश बदलतो, म्हणून रंग बदलतो. शांत असेल तर हिरवा, चिडला तर पिवळा-लाल. हे मूड आणि तापमानाचं काम आहे. सकाळी थंडीत तो गडद होतो, ऊन शोषायला. झोपेत फिकट होतो. पण दिवसभर, गरम झाल्यावरही, कित्येक दिवस काळपट राहत असेल तर त्याला ताण आहे किंवा दुखतंय.

हाडं का वाकतात

आता बंड्याची गोष्ट. ती साधारण दहा महिन्यांची होती तेव्हा तिचा नेम चुकायला लागला. रातकिडा समोर, जीभ सुटते, किडा तिथेच. मी म्हटलं, 'हिला आता रातकिडे आवडत नाहीत वाटतं.' दुसरे किडे आणले. मग ती चढताना थांबायला लागली. मी म्हटलं, 'मोठी झाली, शांत झाली.' प्रत्येक लक्षणाला मी एक गोड कारण शोधून काढलं.

प्रत्यक्षात तिला मेटाबोलिक बोन डिसीज होत होता. पाळीव सरड्यांमधला हा फार नेहमीचा आजार आहे. तो कसा होतो ते नीट समजून घेऊ, कारण समजलं की टाळता येतो.

हाडांना कॅल्शियम लागतं. ते अन्नातून येतं. पण आतड्यातून रक्तात जायला जीवनसत्त्व डी-३ लागतं. शॅमेलिऑन हे डी-३ मुख्यतः उन्हातून बनवतो. उन्हातले यूव्हीबी किरण त्वचेवर पडतात, त्वचेतल्या एका कोलेस्टेरॉलसारख्या पदार्थाचं रूपांतर होतं, मग शरीराच्या उबेने त्याचं डी-३ होतं, पुढे यकृत आणि मूत्रपिंड त्याला वापरायच्या रूपात आणतात. म्हणजे या साखळीला यूव्हीबी पण लागतं आणि ऊब पण.

यूव्हीबी मिळालं नाही, तर तुम्ही कितीही कॅल्शियम पावडर घाला, ती आतून निघून जाते. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की शरीर गप्प बसत नाही. स्नायूंना आणि हृदयाला कॅल्शियम लागतंच. मग पॅराथायरॉइड ग्रंथी हुकूम सोडते आणि हाडांमधलं कॅल्शियम काढून रक्तात आणलं जातं. बँकेत पगार येत नाही म्हणून एफडी मोडून घर चालवणं, तसंच. महिनोन्महिने वरून सगळं ठीक दिसतं. हाडं आतून पोकळ होत जातात.

मग पायांची हाडं धनुष्यासारखी वाकतात, जबडा मऊ पडतो, तुरा वाकडा वाढतो, स्नायू थरथरतात. जीभ फेकणं हेही स्नायूंचंच काम, म्हणून नेम चुकतो.

माझ्याकडे दिवा होता, मग काय चुकलं? तीन गोष्टी.

पहिली, यूव्हीबी बल्ब डोळ्यांना दिसणारा प्रकाश वर्षानुवर्षं देतो, पण त्यातलं यूव्हीबी हळूहळू कमी होतं. ते डोळ्यांना दिसत नाही. माझा बल्ब चालू होता. झगझगीत दिसत होता. आणि यूव्हीबीच्या बाबतीत जवळजवळ मेलेला होता. दुसरी, ते छोटे गुंडाळीचे बल्ब एवढ्याशा जागेत प्रकाश टाकतात. लांब नळी हवी, पिंजऱ्याच्या रुंदीची. आज माझ्याकडे टी-५ प्रकारची, सहा टक्के यूव्हीबीची नळी आहे आणि तिची बसायची फांदी जाळीपासून साधारण २० ते २५ सेंटिमीटर खाली आहे. नळी मी वर्षातून एकदा बदलतो, जळाली नसली तरी. तारीख मार्करने नळीवरच लिहिली आहे. तिसरी चूक, मी पिंजरा खिडकीजवळ ठेवून मनाशी म्हणायचो, ऊन तर येतंय. खिडकीची काच यूव्हीबी अडवते. काचेतून येणारं ऊन ऊब देतं, डी-३ देत नाही.

खाण्याचंही बघा. रातकिड्यात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी जास्त असतं आणि हवं असतं उलट. म्हणून दोन कामं: किड्यांना खायला घालायच्या आधी एक-दोन दिवस चांगला पाला, गाजर, भोपळा खिलवायचा, आणि देताना किड्यांवर साधी कॅल्शियम पावडर भुरभुरवायची. साधी म्हणजे डी-३ नसलेली, ती जवळपास रोज चालते. डी-३ आणि मल्टिव्हिटामिन असलेली पावडर मात्र महिन्यातून दोनदा. कारण डी-३ तोंडावाटे जास्त गेलं तर मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचतं. जास्त म्हणजे चांगलं असं इथे नाही.

पाणी: वाटी भरलेली आहे हे उत्तर नाही

शॅमेलिऑन सहसा वाटीतून पाणी पीत नाही. त्याला साचलेलं पाणी 'पाणी' म्हणून कळतच नाही. तो पानांवरचे थेंब चाटतो. म्हणून सकाळी दिवे लागायच्या आधी आणि संध्याकाळी दिवे गेल्यावर पानांवर दोन-तीन मिनिटं बारीक फवारणी, आणि दिवसा थेंब-थेंब पडणारा ड्रिपर.

पाणी कमी पडलं तर डोळे खोल जातात, युरेट नारिंगी होतं, कातडी सैल दिसते. ओहायोत हिवाळ्यात हीटर चालू असतो, घरातली हवा पापडासारखी कोरडी होते, तेव्हा हा त्रास जास्त. खोल गेलेले डोळे आणि नारिंगी युरेट दोन्ही दिसलं आणि फवारणी वाढवून एक-दोन दिवसांत फरक पडला नाही, तर डॉक्टर. कारण फार काळ पाणी कमी राहिलं की मूत्रपिंडं बिघडतात आणि ती परत येत नाहीत. आणि हो, सिरिंजने जबरदस्ती पाणी ओतू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

पण पाण्याची दुसरी बाजू पण आहे. सगळं दिवसभर ओलंचिंब ठेवलं, हवा खेळत नाही, वर गरम दिवा, तर फुप्फुसाचा संसर्ग ठेवलेलाच. म्हणून दिवसा पिंजरा वाळायला हवा, ओलावा रात्रीच्या थंडाव्यात. बाजूंना जाळी असलेला मोठा पिंजरा त्यासाठीच चांगला. मोठ्या शॅमेलिऑनला दोन फूट बाय दोन फूट, उंची चार फूट.

श्वास, तोंड, डोळे: पटकन ओळखायच्या गोष्टी

तोंड उघडं दिसलं की घाबरू नका, आधी तो कुठे बसलाय ते बघा. गरम दिव्याखाली बसून तोंड उघडलंय तर त्याला गरम होतंय, दिवा थोडा वर घ्या. मोठ्या व्हेल्डला दिव्याखालच्या फांदीवर साधारण २९ ते ३२ अंश सेल्सिअस पुरे, मादीला २७ च्या आसपास. दिवा फार जवळ असेल तर तुऱ्यावर किंवा पाठीवर चटका बसतो. आधी हिरवट-पांढरा डाग दिसतो, मग काळा पडतो.

पण थंड जागी बसून, मान वर करून तोंड उघडतोय, श्वासाला कट-कट किंवा शिट्टीसारखा आवाज येतोय, तोंडात चिकट लाळेचे तार किंवा बुडबुडे दिसतायत, तर हा श्वसनसंसर्ग. यात घरगुती उपाय नाही. अँटिबायोटिक लागतं आणि ते कोणतं हे डॉक्टर ठरवतात. एक गोष्ट मात्र तुमच्या हातात असते, तापमान. सरपटणाऱ्या प्राण्याचं शरीर थंड असेल तर औषधही नीट काम करत नाही आणि रोगप्रतिकारही. म्हणून उपचार चालू असताना पिंजरा योग्य तापमानाला हवाच.

जबड्याच्या कडेला सूज, तोंडात पिवळट घट्ट थर दिसला तर तोंडाचा संसर्ग. सरपटणाऱ्यांचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, पनीरसारखा घट्ट असतो. म्हणून गाठ 'फुटायची' वाट बघू नका. ती फुटत नाही, डॉक्टरांना काढावी लागते.

डोळ्यांभोवती सूज, डोळे चिकटलेले, कात अर्धवट निघतेय, जिभेला चिकटपणा नाही, असं एकत्र दिसलं तर जीवनसत्त्व 'अ' कमी असण्याची शक्यता असते. पण 'अ'चा जादा डोसही विषारी असतो, त्यामुळे इंटरनेटवर वाचून थेंब टाकू नका. डोळ्यात कचरा गेला असला तरी डोळा सुजतो. आधी कारण, मग औषध.

आणि उन्हाळ्यातली एक खास सूचना. अंगणातले किडे पकडून देऊ नका, आणि काजवा तर कधीच नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच काजव्यांच्या अंगात असं विष असतं की एक काजवाही सरड्याचा जीव घ्यायला पुरतो. ओहायोत जूनमध्ये संध्याकाळी अंगण काजव्यांनी भरतं, फार सुंदर दिसतं, आणि मी तेव्हा खिडकीच्या जाळ्या दोनदा तपासतो.

कुंडीतली माती आणि माझी रील

आता परत बंड्याकडे. नेम चुकायला लागून महिना झाला होता. एके दिवशी बघतो तर ती पिंजऱ्यातल्या कुंडीत उतरलीये आणि पुढच्या पायांनी माती उकरतेय. मला इतकं गंमतीशीर वाटलं की मी रील केली. खाली लिहिलं, 'बंड्या शेती करतोय'. बरेच लाइक्स आले. एका अनोळखी बाईंनी कमेंटमध्ये विचारलं, ही मादी आहे का, अंडी घालायला जागा दिली आहे का? मी हसण्याची इमोजी टाकली.

तीन दिवसांनी ती पिंजऱ्याच्या तळाशी बसलेली सापडली. डोळे मिटलेले. दुपारचे दोन.

व्हेल्ड शॅमेलिऑनच्या मादीला अंडी घालायला नराची गरज नसते. कोंबडीसारखं. फलित नसतात, पण अंडी येतातच, सहा महिन्यांच्या आतही सुरू होऊ शकतात. आणि एका वेळी दोन-चार नाही, वीस ते सत्तर, कधी त्याहून जास्त. तिला ती पुरायची असतात. ओलसर, खोल मातीत बोगदा करून. जागा मिळाली नाही तर ती अंडी धरून ठेवते. धरून ठेवली की अडकतात. याला एग बाइंडिंग म्हणतात आणि यात मादी मरते.

आणि इथे हाडांची गोष्ट परत येते. सगळ्या अंड्यांच्या कवचाला कॅल्शियम लागतं. अंडी बाहेर ढकलायला स्नायू आकुंचन पावावे लागतात, त्यालाही कॅल्शियम लागतं. बंड्याकडे ते नव्हतंच. म्हणजे एका जुन्या बल्बपासून सुरू झालेली गोष्ट इथपर्यंत आली होती.

पहिल्या दवाखान्यात फोन केला, ते म्हणाले, आम्ही फक्त कुत्री-मांजरं बघतो. दुसरीकडेही तेच. तिसऱ्या ठिकाणी सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टर मिळाल्या, पन्नास मैलांवर. मी तिला एका खोक्यात, खाली टॉवेल, वर कापड, असं घेऊन गेलो. गाडीतला हीटर फुल्ल, मला घाम, तिचे डोळे बंदच.

एक्स-रे स्क्रीनवर आला. पोट गोल गोल सावल्यांनी भरलेलं. डॉक्टरांनी मोजली, चाळीसच्या वर. मग त्यांनी पायाच्या हाडांकडे बोट दाखवलं. अंडी जितकी ठळक दिसत होती तितकी हाडं दिसत नव्हती. पुसल्यासारखी. त्यांनी विचारलं, "यूव्हीबी दिवा कधी बदललात?" मी म्हटलं, "तो चालू आहे." त्या काही बोलल्या नाहीत, फक्त लिहून घेतलं. त्यांनी रागावलं असतं तर बरं वाटलं असतं.

दोन दिवस सलाइन, कॅल्शियम, ऊब, मग अंडी उतरावीत म्हणून ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन आणि वाळूची बादली. काही झालं नाही. मग ऑपरेशन. अंडाशयासकट सगळं काढलं. डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं की एवढी अशक्त मादी भुलीतून परत येईलच असं नाही. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून होतो. आईचा फोन आला, ऑफिसातून लवकर निघालास का म्हणाली. मी म्हटलं, सरड्याचं ऑपरेशन आहे. वाटलं हसेल. ती म्हणाली, "झालं की लगेच कळव, मी जागी आहे."

बंड्या वाचली. सहा आठवडे रोज तोंडातून पातळ कॅल्शियम, नवीन दिवा, महिन्याने परत एक्स-रे. हाडं भरली. पण उजवा पुढचा पाय जो वाकला तो वाकलाच. वाकलेलं हाड सरळ होत नाही, फक्त आहे तसं घट्ट होतं. आज ती साडेतीन वर्षांची आहे, चढते, खाते, माझ्यावर चिडते. पण चढताना तो पाय जरा फिरवून टाकते, आणि रोज सकाळी ते मला दिसतं.

त्या कमेंटवाल्या बाईंना मी नंतर मेसेज करून सॉरी म्हटलं.

मादी असेल तर हे आजच करा

साधारण पाच महिन्यांची झाली की पिंजऱ्यात अंड्यांसाठी डबा कायमचा ठेवा. किमान ३० सेंटिमीटर खोल, त्यात धुतलेली वाळू आणि माती, इतकी ओली की बोटाने भोक पाडलं तर ते ढासळत नाही. हिरव्या अंगावर निळसर ठिपके दिसले म्हणजे ती वयात आली. पुढे अंग गडद होऊन पिवळे-निळे डाग आले, पोट फुगलं, खाणं कमी झालं, येरझाऱ्या सुरू झाल्या, की अंडी जवळ आली. खणायला लागली की पिंजऱ्यावर चादर टाका आणि डोकावू नका. माणूस दिसला की ती काम अर्धवट सोडते. रील तर अजिबात नको.

खणून खणून एक-दोन दिवस झाले आणि अंडी नाहीत, किंवा तळाशी डोळे मिटून बसली, तर त्याच दिवशी दवाखाना. दुसऱ्या दिवशी नाही.

आणि प्रौढ मादीला भरपूर खायला घालून, फार गरम ठेवून लाड करू नका. खाणं आणि उष्णता दोन्ही माफक ठेवलं तर अंडी कमी येतात, कधी येतही नाहीत.

डॉक्टर आधी शोधा, प्राणी नंतर

ज्यांना घ्यायचाच आहे त्यांच्यासाठी एकच सल्ला. आधी तुमच्या जवळ सरपटणारे प्राणी बघणारा पशुवैद्य आहे का ते शोधा. एआरएव्ही नावाची अशा पशुवैद्यांची संघटना आहे, तिच्या वेबसाइटवर यादी मिळते. नेताना ताजी शी एका डबीत न्या, जंतांची तपासणी होते. पिंजऱ्याचे, दिव्यांचे आणि पावडरच्या डब्यांच्या लेबलांचे फोटो न्या. अर्धं निदान त्यातच असतं. माणसांची औषधं देऊ नका. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, सरपटणाऱ्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो.

खर्चाचं पण सांगतो. बंड्याची किंमत ऐंशी डॉलर होती. त्या एका आठवड्याचं बिल पंधराशे डॉलरच्या वर गेलं. चांगली नळी तेव्हा पंचवीस-तीस डॉलरला मिळत होती.

भारतात ऐकणाऱ्यांसाठी

पुण्यातून, कोल्हापुरातून मेसेज येतील, 'दादा, आपल्याकडे कुठे मिळेल?' आपल्याकडचा सरडगुहिरा हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे. पकडणं, विकणं, पाळणं, सगळं गुन्हा आहे. परदेशी जातींसाठीही २०२२ च्या दुरुस्तीनंतर नोंदणी बंधनकारक झाली आहे. आणि कुणी कागदाशिवाय 'विदेशी' म्हणून विकत असेल तर तो आपल्याच रानातून उचललेला असू शकतो.

तो विषारी नाही. चावला तरी काही होत नाही. बरेच लोक अजून भीतीने त्याला दगड मारतात. पावसाळ्यानंतर रस्ता ओलांडताना तो डुलत डुलत, एक पाऊल पुढे एक मागे, इतका हळू चालतो की गाडीखाली येतो. दिसला तर गाडी थांबवा, एक काठी पुढे धरा, तो स्वतः चढेल, आणि ज्या दिशेला चालला होता त्या बाजूच्या झुडपात सोडा. जखमी असेल तर महाराष्ट्र वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. घरी नेऊ नका.

चला, आज एवढंच. माझ्या शीटमध्ये आजची नोंद अशी आहे: डोळे उघडे, पकड घट्ट, युरेट पांढरं, वजन ११८ ग्रॅम, नेम पाचपैकी पाच. घरी शॅमेलिऑन असेल तर हा भाग संपल्या संपल्या उठा आणि नळीवरची तारीख बघा. तारीख लिहिलेलीच नसेल, तर ती नळी जुनी झाली असं समजून नवीन आणा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, स्वतःची आणि घरातल्या सगळ्यांची.